तळ कुठे धरायचा

नोटांच्या कारखान्यात बत्तीस वर्षं
मी मोजायचं तेवढं काम केलं.
शंभराचं बंडल म्हणजे शंभर,
नव्व्याण्णव भरले तर त्या रात्री घरी जायचं नाही कुणी.
निवृत्तीनंतर म्हसरूळच्या मैदानावर
बोरस्ते सरांनी लॅपटॉप पुढे सरकवला:
"तात्या, पोरी माझ्या, आकडे तुमचे.
शनिवारी बूटवाले येतायत. काहीतरी चित्र काढा."

बारा पोरी. पेठ, हरसूल, सुरगाण्याकडच्या.
मी कोळ्याचं जाळं निवडलं, पाच हातांचं:
पाच हजार मीटरचे सेकंद, पहाटेची नाडी,
वजन, झोप, हिमोग्लोबिन.
दमयंती भोये. एक हजार अडतीस, बावन्न,
एकोणचाळीस, सात, नऊ पूर्णांक एक.
एंटर.

जाळं कसलं, नुसती सुई उभी राहिली.
सेकंदांचा हात पार टोकाला गेलेला
आणि पोरीचं बाकी सगळं,
नाडी, झोप, रक्त,
मधल्या ठिपक्यात कोंबलेलं.

प्रत्येक हाताला वेगळी पट्टी द्यावी म्हटलं
तर ते यंत्र देत नाही.
एकच शिडी पाचही भिंतींना लावतं.
मग शेजारी दुसरा तक्ता मांडला:
आकड्यातून तळ वजा करा,
उरेल त्याला तळापासून माथ्यापर्यंतच्या अंतराने भागा,
गुणिले शंभर.
सेकंद आणि नाडी उलटे घ्या, तिथे कमी म्हणजे जास्त.
खरे आकडे टोकांना हाताने चिकटवले,
चौकटी करून, एकेक.
रात्रीचे साडेअकरा. पाय हिटरसमोर.

इथवर गणित होतं. पुढे अडकलो.
माथा सापडतो.
तळ कुठे धरायचा?

सर म्हणाले, "रक्ताला शून्य ते पंधरा घ्या की.
साठ टक्के येतात. भरल्यासारखं दिसतं.
बूटवाल्यांना गोल आवडतं."
घेतलं. दिसलं.
नऊ पूर्णांक एक, फर्स्ट क्लास.

पण शून्य रक्ताची मुलगी
शेवटची येत नाही, ती येतच नाही.
ज्या आकड्यावर कुणी उभं राहू शकत नाही
तो तळ कसा?
मी आठ ते चौदा घातलं.
अठरा टक्के.
जाळ्याची एक बाजू आत गेली,
पिशवीला आतून कुणी चिमटा घेतल्यासारखी.

सकाळी चामरलेणीच्या पायऱ्या सात वेळा चढून
दमयंती आली. तोंडातून वाफा,
स्वेटर कमरेला बांधलेला.
"तात्या, पतंग काढला का?"
"तू आहेस ही."
तिने खड्ड्यावर बोट ठेवलं.
"मग इथं कुणी कातरलं?"
मी विचारलं, चहा कधी पितेस.
"जेवताना. सगळ्याच पितो.
भाजी पाणचट असते ना, चपाती चहात बुडवतो."

उरलेल्या अकराजणींची जाळीही काढली,
तीच पट्टी, तोच तळ, पातळ कागदावर.
मग जुनी सवय.
बाराही एकावर एक रचले, कडा ठोकून जुळवल्या
आणि खिडकीशी उजेडाला धरले,
नोट धरतात तसे.

सेकंद इकडेतिकडे, वजन इकडेतिकडे,
झोपेचा तर नुसता गुंता.
त्या एका हातावर मात्र
नऊ रेषा एकाच जागी आत वळलेल्या,
जलचिन्हासारख्या.

सर मागे येऊन उभे होते.
"शनिवारी हे दाखवायचं?"

मी पुन्हा मोजलं.
नऊच.